तपासणी म्हणजे जवानावरचा संशय नव्हे

राजुरी, आळेफाटा, बेल्हे या पट्ट्यात सुट्टीवर आलेल्या फौजीला मान मिळतो. पण लैंगिक आरोग्याचा विषय निघाला की एक तर कुजबुज होते, नाहीतर सगळे गप्प. याचा त्रास जवानाला आणि घरी थांबलेल्या त्याच्या बायकोला होतो.

गैरसमज : झोपेत वीर्य गेलं की ताकद जाते, भरतीत दम टिकत नाही.
वस्तुस्थिती : ही शरीराची नैसर्गिक क्रिया आहे. तिच्यामुळे धावण्याचा वेग किंवा दम कमी होत नाही. भिंतींवरच्या ‘मर्दानी ताकदी’च्या जाहिराती याच भीतीवर पोसल्या जातात. भरतीच्या मेडिकलमध्ये मात्र हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साठणं) आणि व्हेरिकोसील (शिरा फुगणं) तपासतात. लाज न धरता आधीच सर्जनला दाखवा. दोन्हींवर शस्त्रक्रिया आहे.

गैरसमज : एचआयव्ही झाला, म्हणजे पाऊल वाकडं पडलंच असणार.
वस्तुस्थिती : 2002 मध्ये, ‘ऑपरेशन पराक्रम’च्या (पाकिस्तान सीमेवर सैन्य तैनात करण्याच्या मोहिमेच्या) काळात, जम्मूतल्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्या एका जवानाला रक्त चढवलं गेलं आणि त्यातून एचआयव्हीची लागण झाली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सुमारे 1 कोटी 54 लाख रुपये भरपाई मंजूर केली. लागण कशीही झालेली असो, माणसाला उपचार हवे असतात, चारित्र्याचा दाखला नव्हे.

गैरसमज : लैंगिक रोग बायकांकडूनच येतात.
वस्तुस्थिती : हा समज जुना आहे. गोऱ्या सैनिकांना जपण्यासाठी इंग्रजांनी 1868 च्या कायद्याने वेश्यांवर सक्तीची नोंद आणि तपासणी लादली. आजारी ठरलेल्या बाईला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये (लैंगिक रोगांच्या बंदिस्त रुग्णालयात) ठेवत. पण जंतू दोघांकडून दोघांना जातो. म्हणून सिफिलिस किंवा गनोरियासारखा लैंगिक रोग निघाला, तर नवरा-बायको दोघांची तपासणी आणि उपचार व्हायला हवेत.

गैरसमज : त्रास नाही, म्हणजे आजार नाही.
वस्तुस्थिती : सिफिलिसची पहिली जखम बहुतेकदा दुखत नाही आणि आपोआप भरते, रोग मात्र अंगात राहतो. पेनिसिलिनने तो बरा होतो. एचआयव्ही तर कित्येक वर्षं लक्षणांशिवाय राहू शकतो.

गैरसमज : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की नोकरी आणि संसार संपला.
वस्तुस्थिती : एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, माहितीही गुप्त ठेवावी लागते. एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मूलही निरोगी जन्मू शकतं.

असुरक्षित संबंध आला असेल, तर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठा. 28 दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्हीचा धोका बराच कमी होतो. एरवी सुट्टीत दोघांनी मिळून सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात जावं. तिथे चाचणी मोफत होते. नुसतं विचारायचं असेल, तर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर आहे. सीमेवर जाणाऱ्याची आणि घर सांभाळणारीची काळजी घेण्यात लाजण्यासारखं काहीच नाही.