जाहिरातीविना मिळणारे दूरस्थ काम

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ‘दुबळ्या दुव्यांचे बळ’ हा सिद्धान्त मांडला. दुबळा दुवा म्हणजे जुना सहकारी किंवा ओळखीच्याची ओळख, जिच्याकडून जवळच्या मित्रांना ठाऊक नसलेली कामाची बातमी कळते.

घरबसल्या करायच्या कामात चहाच्या टपरीवर अशी ओळख होत नाही, म्हणून काम मागणाऱ्या थेट पत्राला महत्त्व येते. मात्र ते मनुष्यबळ विभागाऐवजी त्या कामाच्या प्रमुखाला, मोजक्या ओळींत, एखादी नेमकी अडचण आणि तिचा उपाय दाखवून लिहिलेले असावे. ‘काही काम असल्यास कळवा’ एवढ्यावर उत्तर क्वचितच येते, आणि ते रास्तच आहे.

मुक्तस्रोत प्रकल्पात, म्हणजे ज्याची संहिता कुणालाही वाचता-सुधारता येते अशा प्रकल्पात, आधीच केलेली दुरुस्ती तर परिचयपत्रापेक्षा बोलकी ठरते.