लेसरला नकार मिळाला, म्हणून चष्मा जन्माचा?

परभणी–परळी लोहमार्गावरच्या पोखर्णीत, नृसिंहाच्या या गावात, कुणी ‘डोळ्यात भिंग बसवलं’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, ‘मोतीबिंदू होता का?’ प्रश्न रास्तच आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला आणि मोतीबिंदूच्या शिबिरांनी भिंग मराठवाड्याच्या घराघरांत पोहोचवलं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांचं नावही त्या शस्त्रक्रियेशी कायमचं जोडलं गेलं आहे. त्यामुळे पंचविशीतल्या, मायनस दहा नंबरच्या मुलीला शहरातला डॉक्टर ‘लेसर नको, भिंग बसवू’ म्हणाला, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पोरीला या वयात मोतीबिंदू? या गोंधळातून जे समज पसरतात, ते एकेक करून तपासू.

गैरसमज : लेसर होत नाही, म्हणजे डोळ्यात मोठा दोष आहे.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा हा साधा हिशेब असतो. लेसर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, घासून त्याचा आकार बदलतो. कॉर्निया असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. समजा, एखादीचा 500 मायक्रॉन आहे. लॅसिक या लेसर पद्धतीत वरची पापुद्र्यासारखी झडप उचलतात, तिचे 110 मायक्रॉन गेले. मायनस एक नंबर उतरवायला साधारण 12 ते 15 मायक्रॉन खर्ची पडतात, म्हणजे दहा नंबरला दीडशेपर्यंत. खाली उरले 240. किमान 250 तरी उरायलाच हवेत, आणि बरेच सर्जन 300 चा आग्रह धरतात. त्याहून पातळ कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगू शकतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. त्यामुळे असा नकार देणारा डॉक्टर पेशंटचं भलंच करत असतो. कॉर्नियाचा आकार मुळातच वेडावाकडा असेल किंवा डोळे फार कोरडे असतील, तरीही लेसर टाळतात.

गैरसमज : भिंग बसवणं म्हणजे मोतीबिंदूचंच ऑपरेशन.

वस्तुस्थिती : मोतीबिंदूत गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग घालतात. इथे नैसर्गिक भिंग जागच्या जागी राहतं. त्याच्या पुढे आणि रंगीत पडद्याच्या मागे एक पातळ, मऊ भिंग सरकवतात. आपलं भिंग शाबूत असल्याने तरुण वयातली जवळ-दूर नजर फिरवण्याची ताकदही टिकते.

ऑपरेशन थेंबांनी डोळा बधिर करून होतं. सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेलं भिंग आत सोडतात, ते आत उलगडतं आणि त्याची चार टोकं रंगीत पडद्याखाली सारतात. आतली जागा उघडी राहावी म्हणून घातलेला चिकट द्रव शेवटी धुऊन काढतात. तो थोडा जरी मागे राहिला, तर डोळ्याचा दाब चढतो. म्हणूनच काही तासांनी दाब तपासल्याशिवाय घरी सोडत नाहीत. गाडी चुकेल म्हणून ही तपासणी बुडवू नये.

गैरसमज : हा अजून नवखा प्रयोग आहे.

वस्तुस्थिती : ‘आयसीएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिंगाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2005 मध्ये मान्यता दिली. जुन्या भिंगांसाठी आधी लेसरने रंगीत पडद्याला छिद्रं पाडावी लागत, कारण डोळ्यातलं पाणी सतत मागून पुढे वाहतं आणि त्याची वाट अडता कामा नये. आताच्या भिंगाच्या मधोमधच 0.36 मिलिमीटरचं छिद्र असतं, त्यामुळे ती पायरी वाचते. भारतातही ‘आयपीसीएल’ नावाचं अशाच प्रकारचं भिंग बडोद्याची कंपनी बनवते. तिरप्या नंबरसाठीही यातली भिंगं मिळतात.

गैरसमज : भिंग काढता येतं, म्हणजे जोखीम काहीच नाही.

वस्तुस्थिती : गरज पडली तर भिंग काढता किंवा बदलता येतं, हे खरं. पण त्यासाठी डोळा पुन्हा उघडावाच लागतो. सगळा खेळ मापाचा आहे. बसवलेलं भिंग आणि नैसर्गिक भिंग यांच्यात साधारण 250 ते 750 मायक्रॉन अंतर राहायला हवं. अंतर फार कमी पडलं तर नैसर्गिक भिंगावर अकाली मोतीबिंदू धरू शकतो. जास्त झालं तर रंगीत पडदा पुढे ढकलला जातो, पाण्याची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून त्यांची मोजणी आधी आणि नंतरही करतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणं, ही तक्रार काहींना राहते. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. त्यामुळे पहिले काही आठवडे डोळा चोळणं, डोळ्यात पाणी जाऊ देणं आणि सोयाबीनच्या मळणीच्या धुरळ्यात उभं राहणं बंद.

गैरसमज : नंबर उतरला, म्हणजे डोळा बरा झाला.

वस्तुस्थिती : हा समज सगळ्यांत महागात पडणारा आहे. मोठा मायनस नंबर बहुधा डोळा लांबट झाल्यामुळे येतो. भिंगाने चष्मा सुटतो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. ताणलेलं दृष्टिपटल विरळ होऊन फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोकाही तसाच राहतो. अचानक वीज चमकल्यासारखं वाटलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तक्रार नसली तरी बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करायची.

गैरसमज : एकदा भिंग बसलं की म्हातारपणीही चष्मा नको.

वस्तुस्थिती : चाळिशी कुणाला चुकत नाही. आपलं नैसर्गिक भिंग ताठर होत गेलं की वाचायला चष्मा लागतोच. पुढे मोतीबिंदू झाला तर हे भिंग काढून नेहमीसारखं ऑपरेशन करता येतं.

गैरसमज : पैसे मोजले की कुणालाही बसवून मिळतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत 2005 ची मान्यता 21 ते 45 या वयोगटासाठी होती. वर्षभरात नंबर 0.5 पेक्षा जास्त बदललेला नसावा. कॉर्निया आणि नैसर्गिक भिंग यांच्यातली पोकळी सुमारे तीन मिलिमीटर तरी खोल हवी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबायचं. नंबर मध्यम आणि कॉर्निया भक्कम असेल, तर लेसर पुरेसं असतं आणि सहसा स्वस्तही पडतं.

गैरसमज : विमा याला कधीच पैसे देत नाही, आणि भरतीत लेसर चालतं तसं भिंगही चालतं.

वस्तुस्थिती : विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवलेल्या प्रमाणित अपवादांत 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबरच्या उपचाराचा खर्च वगळला आहे. मोठ्या नंबरवाल्यांना हा अपवाद लागू होत नाही, तेव्हा ऑपरेशनआधीच आपली पॉलिसी नीट वाचावी आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं. सैन्य, पोलीस किंवा रेल्वेची तयारी करणाऱ्यांनी मात्र त्या-त्या भरतीचे वैद्यकीय निकष आधी पाहावेत. कॉर्नियावरच्या लेसरचा नियम डोळ्यातल्या भिंगाला आपोआप लागू होत नाही.

डॉक्टरांकडे जाताना कॉन्टॅक्ट लेन्स वापरणं किती दिवस आधी थांबवायचं ते फोनवर विचारून घ्या, नाहीतर कॉर्नियाची मापं चुकतात. समोर बसल्यावर चार आकडे कागदावर लिहून मागा : कॉर्नियाची जाडी, पोकळीची खोली, पेशींची संख्या आणि डोळ्याची लांबी. पहिल्या तीन आकड्यांवरून लेसर, भिंग की चष्माच बरा, हे ठरतं. चौथा आकडा ऑपरेशननंतरही जपून ठेवा, दृष्टिपटलाच्या दरवर्षीच्या तपासणीत तो लागणार आहे.