अनिकेतांची व्यसनमुक्ती

१९७९ नंतर इराण व अफगाणिस्तान या दोन देशांत ज्या राजकीय उलथापालथी झाल्या, त्यांच्या परिणामी अफूच्या चोरट्या व्यापाराचे मार्ग बदलले आणि पुढील काही वर्षांतच मुंबईच्या गल्लीबोळांतून ब्राउन शुगर, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘गर्द’, पुड्यांतून विकला जाऊ लागला. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने ‘कृपा’ या व्यसनमुक्ती संस्थेचे कार्य आरंभिले होते; त्यानंतर पाच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या साहाय्याने, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. मराठी माणसाला निवासी व्यसनोपचाराची ओळख झाली ती मुख्यत्वे या दुसऱ्या संस्थेमुळे.

पस्तीस दिवसांचा निवास, नियमबद्ध दिनचर्या, समूहोपचार, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनीच नव्याने आलेल्याचा हात धरणे, ही मुक्तांगणाची रीत आता सर्वश्रुत आहे. परंतु तिचे खरे सामर्थ्य मला दिसते ते कुटुंबाला उपचाराचा घटक मानण्यात; पत्नींसाठी ‘सहचरी’सारखा गट चालविणाऱ्या या संस्थेने हे ओळखले, की पस्तीस दिवसांनंतरचा रोगी ज्यांच्या हाती जावयाचा, त्यांची तयारी झाल्यावाचून उपचार पुरा होत नाही. हे तत्त्व निर्विवाद आहे; आणि नेमक्या त्याच तत्त्वाच्या कसोटीवर पदपथावरील गर्दुल्ला असहाय ठरतो. दाखल होताना सही करण्यास नातेवाईक नाही, ओळखीचा पुरावा कधीच चोरीस गेलेला, भेटीच्या दिवशी येणारे कोणी नाही, आणि सुटीच्या दिवशी ज्या दिशेने चालू लागावे अशी दिशाही नाही.

अशी माणसे किती, याचा हिशेब सरकारी दप्तरातही अपुराच आहे. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री खानेसुमारीच्या कर्मचाऱ्यांनी देशभर जे निराश्रित मोजले, त्यांची संख्या १७ लाख ७३ हजारांच्या घरात भरली. पुढे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत करविलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या व्यसनविषयक पाहणीत असे दिसून आले, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकासच कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि रुग्णालयात राहून उपचार घेणारा तर १८० जणांत एक. पाहणीचे हे आकडे मुख्यत्वे घरोघर जाऊन गोळा केलेले. ज्याला दारच नाही त्याच्यापर्यंत असा गणक कसा पोचावा?

वैद्यकीय बाजू येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण रस्त्यावरच्या माणसाने मनात आणले तर तो सहज सोडील, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. गर्दाचा अंमल उतरू लागला की आठ-बारा तासांत अंगाला पिळे पडतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब-वांत्या सुरू होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही अवस्था, जिला गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात, पराकोटीस पोचते. पाण्याचा नळ व संडास यांवाचून ती पुलाखाली काढणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. दारूचे तर याहून भयंकर, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास झटके व भ्रम उद्भवून प्राणावरही बेतते. म्हणून या माणसांस निवासी उपचार हवाच. मात्र त्या उपचारातच एक नवा धोका दडलेला असतो, आणि तो पुरेसा बोलला जात नाही. महिनाभर गर्दापासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती घटते. असा माणूस त्याच पदपथावर परतला आणि निराशेच्या एका रात्री त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर त्याचा श्वास थांबू शकतो. जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नियमाने मिळत राहिली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. तिला ‘एका व्यसनाऐवजी दुसरे व्यसन’ म्हणून हिणविणारे लोक व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातही आढळतात. त्यांच्याशी मी सर्वस्वी असहमत आहे.

मग आधी घरच द्यावे काय? न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी, व्यसन सोडण्याची अट न घालता प्रथम निवारा देण्याची पद्धत सुरू केली आणि कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत तिची मोठी परीक्षा घेतली. माणसे त्या घरांत टिकून राहिली, हे तीत स्पष्ट दिसले. व्यसन मात्र केवळ घरामुळे तुलनेने अधिक घटले असे दिसले नाही. घर आणि उपचार ही दोन्ही एकाच हाताने दिली पाहिजेत, असे माझे मत त्यावरून बनले.

आपल्याकडे राज्यसत्तेची निराधाराशी गाठ पडली ती प्रायः दंडाधिकाऱ्याच्या कचेरीत. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी ज्या स्थितीत भटकणारा मनुष्य भीक मागूनच जगत असावा असे वाटेल, त्यासही भिकारी ठरविले, त्याला अधिपत्रावाचून पकडण्याची मुभा दिली आणि एक ते तीन वर्षे कोंडून ठेवण्याची तरतूद केली. (दिल्लीपुरती या कायद्याची बहुतेक कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली.) माणसाला तीन वर्षे डांबण्याची तजवीज जे सरकार करू शकते, त्याला छत्तिसाव्या दिवसाची सोय अशक्य आहे, हे मला पटत नाही. शिवाय ती सोय आता कायद्याचीच आज्ञा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दारू व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांस आपल्या व्याख्येत घेतले. निराधार व बेघर व्यक्तींस सरकारी संस्थांत विनामूल्य उपचाराचा हक्क दिला. केवळ कुटुंब नाही वा घर नाही म्हणून कोणास संस्थेत अडकवून ठेवू नये असे सांगितले. आणि अशांसाठी वाजवी मुदतीत मध्यंतर-निवास व सामूहिक घरे उभारण्याची वा त्यांस पाठबळ देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. मुंबई, ठाणे व पुणे या शहरांपुरती तरी ती मुदत आता संपली असे शासनाने समजावे, आणि केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक निराश्रितास सुटीच्या कागदाबरोबरच एका खाटेचा क्रमांक, गोळी मिळण्याचे ठिकाण आणि कामाच्या जागेचा पत्ता लेखी द्यावा.