राजवायू-हॅलोजन संकुलांचे प्रकाशरसायन

अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन इत्यादी राजवायू आणि फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही हॅलोजन मूलद्रव्ये यांच्यात प्रकाशामुळे घडणाऱ्या बंधनिर्मितीचा, विद्युतभाराच्या स्थानांतराचा आणि विघटनाचा अभ्यास म्हणजे राजवायू-हॅलोजन संकुलांचे प्रकाशरसायन होय. वायुरूपात ही प्रक्रिया प्रामुख्याने दोन-तीन अणूंपुरती मर्यादित असते. घन व द्रव अवस्थेत मात्र सभोवतालचे अणूही तिच्यात सहभागी होतात. प्रस्तुत लेखात या दोन अवस्थांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

राजवायूंच्या बाह्य कक्षा पूर्ण भरलेल्या असल्याने ते संयुगे बनवीत नाहीत, अशी दीर्घकाळ समजूत होती. १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार करून ती खोडून काढली. त्यापूर्वी, १९५४ मध्ये, बर्कली येथील जॉर्ज पिमेंटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पजीवी रेणू गोठलेल्या निष्क्रिय पदार्थात अडकवून त्यांचा वर्णपट घेण्याची पद्धत मांडली होती. तिच्याच साहाय्याने टर्नर व पिमेंटेल यांनी १९६३ मध्ये सुमारे २० केल्व्हिन तापमानाच्या घन थरातील फ्लुओरीनवर अतिनील प्रकाश टाकून क्रिप्टॉन डायफ्लुओराइड मिळविले.

पिंजरा परिणाम

हॅलोजनच्या रेणूने प्रकाश शोषला की त्याचे दोन अणू परस्परांपासून दूर जाऊ लागतात. वायूमध्ये त्यांची वाट मोकळी असते. घन पदार्थात शेजारचे अणू त्यांना अडवतात आणि ते पुष्कळदा पुन्हा जोडले जातात. यालाच पिंजरा परिणाम म्हणतात. फ्रँक व रॅबिनोविच यांनी १९३४ मध्ये द्रावणांच्या संदर्भात ही कल्पना मांडली. अणूचा आकार येथे निर्णायक ठरतो. घन अरगॉनमधील क्लोरीनचे अणू बहुतांशी पिंजऱ्यातच राहतात, तर लहानशा फ्लुओरीन अणूला बाहेर पडणे सोपे जाते.

विद्युतभाराचे स्थानांतर

झेनॉनच्या अणूमधून एक इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूने स्वीकारला की सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट परत मिळतात. धन व ऋण आयन जवळ असल्यास त्यांच्या आकर्षणातून आणखी सुमारे ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्टची भर पडते. उरलेली तूट साधारण ४ इलेक्ट्रॉनव्होल्टची असते. झेनॉन क्लोराइड लेझरच्या ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशकणाची ऊर्जाही जवळपास तेवढीच असते. उत्तेजित जोडी घट्ट बांधलेली असते. प्रकाश बाहेर टाकून ती मूळ अवस्थेत आली की जवळजवळ सुटी होते. या लेझरचे कार्य याच फरकावर चालते.

घन झेनॉनमध्ये हा हिशेब बदलतो. आयनांभोवतीचे अणू ध्रुवीभूत होऊन ऊर्जा आणखी खाली आणतात. शिवाय धनभार एकाच झेनॉनवर न राहता दोन अणूंमध्ये वाटला जातो. त्यामुळे उत्सर्जन ३०८ नॅनोमीटरऐवजी सुमारे ५७० नॅनोमीटरला, म्हणजे पिवळ्या प्रकाशाच्या पट्ट्यात, आढळते. कधीकधी धनभार स्फटिकात दूरवर जाऊन अडकतो. नमुना किंचित तापविल्यावर तो सुटतो, ऋण आयनाशी त्याचे पुनर्मीलन होते आणि साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने प्रकटते. म्हणजे प्रकाशाने दिलेली ऊर्जा स्फटिक काही काळ राखून ठेवू शकतो.

राजवायूंची हायड्राइडे

हायड्रोजन क्लोराइड घन झेनॉनमध्ये विरळ मिसळून अतिनील प्रकाशाने तोडले आणि नमुना सुमारे ४० केल्व्हिनपर्यंत तापविला, तर हायड्रोजनचे अणू हालचाल करू लागतात. हायड्रोजन, झेनॉन व क्लोरीन यांचे अणू एकत्र येऊन तीन अणूंचा नवा रेणू बनतो. हेलसिंकी विद्यापीठातील मार्कू रासानेन यांच्या गटाने अशा रेणूंचे वृत्त १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. याच गटाने २००० साली हायड्रोजन फ्लुओराइड व घन अरगॉन यांपासून, ७.५ केल्व्हिन तापमानाला, अरगॉन फ्लुओरोहायड्राइड मिळविल्याचे जाहीर केले. अरगॉन-३६ हा समस्थानिक वापरल्यावर अवरक्त वर्णपटातील रेषा सरकल्या. अरगॉन खरोखरच बंधात सामील असल्याचा हा पुरावा ठरला. मूळ अवस्थेत टिकणारे अरगॉनचे हे पहिले उदासीन संयुग होय. अशी हायड्राइडे प्रकाशाने पुन्हा तुटतातही.

महत्त्व

१९८९ मध्ये श्वेंटनर व अपकारियन यांनी अरगॉनच्या स्फटिकात मिसळलेल्या झेनॉन फ्लुओराइडपासून लेझर क्रिया घडवून दाखविली. मात्र अतिशीत तापमानाची गरज असल्याने व्यवहारात वायुरूप लेझरच प्रचलित आहेत. १९३ नॅनोमीटरचा अरगॉन फ्लुओराइड लेझर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत व संगणकाच्या चिप बनविण्यात वापरला जातो. घन राजवायूंचे खरे मोल अभ्यासासाठी आहे. त्यांची रचना साधी आणि गणिताने हाताळण्याजोगी असल्याने, सभोवतालचे अणू रासायनिक अभिक्रियेला कसे वळण देतात हे त्यांत स्पष्टपणे पाहता येते. या संशोधनाने ‘निष्क्रिय’ या विशेषणाचा अर्थही मर्यादित केला आहे: राजवायूंची निष्क्रियता ही त्यांच्या मूळ अवस्थेची, आणि तीही सापेक्ष, बाब आहे.