थोरल्याला एक शिलिंग

दगड एकच होता, आडनावं मात्र तीन. बाप, आई आणि मुलगा. वेल्सच्या पश्चिमेला, इस्टविथ नदीच्या खोऱ्यातल्या एका चर्चच्या आवारात पाटीच्या दगडाची ती शिळा उभी होती. वेल्श मला येत नाही. पण ‘एर कोव्ह आम’ म्हणजे ‘यांच्या स्मरणार्थ’, एवढं चार कबरी फिरल्यावर कुणालाही कळतं. बायकोचं आडनाव वेगळं असेल, याला माझी हरकत नव्हती. पण मुलाचं बापाहून वेगळं कसं? सावत्र असेल, दत्तक असेल, असं पुटपुटत मी दगडाभोवती फिरत होते. पलीकडच्या रांगेत एक बाई गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन, हातात आरसा तिरका धरून बसल्या होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, “सख्खाच आहे. त्या काळी इकडे प्रत्येक पिढीचं आडनाव नवं असायचं.”

मग मी त्यांच्या मागेच लागले. बाई पूर्वी वकिलाच्या कचेरीत टंकलेखिका होत्या. इतरांची मृत्युपत्रं टंकण्यात नोकरीची वर्षं गेली, निवृत्त झाल्यावर जुनी मृत्युपत्रं वाचायला घेतली. लोक त्यांना पैसे देतात आणि त्या लोकांचे पूर्वज शोधून देतात. कधी देत नाहीत. मला जास्त कुतूहल वाटलं ते या ‘देत नाहीत’चं.

आरशाचं काम साधं आहे. झिजलेलं अक्षर समोरून वाचता येत नाही. कडेने उजेड टाकला की खाचेत सावली भरते आणि नाव वर येतं. दगडावर खडू घासणाऱ्यांचा आणि तारेचा ब्रश मारणाऱ्यांचा बाईंना मनस्वी राग. पाणी, मऊ स्पंज आणि आरसा, बस्स. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि नावं गळून जातात; पाटीचा दगड दोन-दोनशे वर्षं अक्षर धरून ठेवतो. ओला दगड, शेवाळ आणि कुंपणापलीकडच्या मेंढ्या यांचा मिळून एक वास तिथे होता. तो माझ्या स्वेटरमध्ये बसला तो निघेना.

आडनावांचं कोडं त्यांनी तिथेच, स्पंज पिळता पिळता सोडवलं. जुन्या वेल्समध्ये माणसाला स्वतःचं नाव असे आणि बापाचं. मध्ये ‘आप’ किंवा ‘अब’, म्हणजे अमक्याचा मुलगा. मुलीला ‘वेर्च’. आप ह्यू घासून प्यू झाला, आप रीसचा प्राइस, अब इव्हानचा बेव्हन. ‘आप’ गळून गेल्यावरही बापाचं नावच आडनावाच्या जागी बसत राहिलं. डेव्हिडचा मुलगा जॉन, तो जॉन डेव्हिस. त्याचा मुलगा इव्हान, तो इव्हान जोन्स. त्याचा मुलगा पुन्हा इव्हान्स. बड्या घराण्यांनी सोळाव्या शतकापासून इंग्रजी रीतीने कायमची आडनावं धरली. डोंगराळ खेड्यांतून जुनी रीत एकोणिसाव्या शतकातही रेंगाळत होती. बायका लग्नानंतरही पुष्कळदा बापाचंच नाव लावत, म्हणून दगडावर आईचं तिसरं.

याचं एक उदाहरण आपल्या इतिहासातही आहे, फक्त आपण त्याकडे तसं पाहत नाही. कलकत्त्यात 1784 साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स. त्यांचे वडीलही विल्यम जोन्सच. 1706 च्या पुस्तकात वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी पाय हे चिन्ह वापरणारे गणिती. ते अँगलसी बेटावरच्या एका साध्या शेतकऱ्याचे पोर. त्या शेतकऱ्याचं नाव शोन शोर, म्हणजे जॉन जॉर्ज. जॉनचा मुलगा म्हणून जोन्स. वडील लंडनला गेले आणि आडनाव गोठलं, नाहीतर आपण संस्कृतच्या त्या पंडिताला सर विल्यम विल्यम्स म्हणत असतो.

बाईंच्या हातातलं काम पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या एका गृहस्थांचं होतं. तिथल्या कोळशाच्या खाणींत एकोणिसाव्या शतकात वेल्श माणसं मोठ्या संख्येने गेली, त्यांतल्याच एकाचे हे वंशज. या गृहस्थांनी इंटरनेटवरून एक वंशवृक्ष जमवला होता आणि तो थेट ल्यूएलिन राजापर्यंत पोचला होता. इंग्रजांशी लढताना 1282 मध्ये पडलेला हा वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा. “सगळ्यांचे पूर्वज राजे,” बाई म्हणाल्या, “मग गायी कोण राखत होतं?”

पूर्वजांची मोजदाद ही इथे हौस नव्हती, गरज होती. जुन्या वेल्श कायद्यात जमीन कुळाची आणि सगळ्या मुलग्यांत सारखी वाटली जायची. आपण कुणाचे कोण हे सांगता आलं नाही तर हिस्सा गेला. बाराव्या शतकात वेल्समध्ये फिरलेल्या जेराल्ड नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की इथला सामान्य माणूससुद्धा सहा-सात पिढ्या तोंडपाठ म्हणतो. पुढे आठव्या हेन्रीच्या कायद्यांनी ती वाटणीची पद्धत मोडली, पण पिढ्या म्हणायची खोड राहिली. आणि खोड राहिली की ती पुरवणारेही येतात. योलो मॉर्गनूग (1747–1826) या गवंडी कवीने तर जुन्या हस्तलिखितांच्या नावाखाली स्वतःचं इतकं काही खपवलं, की ते निवडून काढता काढता पुढच्या अभ्यासकांची हयात गेली.

आम्ही अ‍ॅबरिस्टविथला गेलो. टेकडीवर वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय, समोर खाली कार्डिगनचा उपसागर. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिलच. 1858 पूर्वी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत. वेल्समधल्या त्या न्यायालयांची 1,90,000 हून अधिक मृत्युपत्रं या ग्रंथालयात आहेत आणि त्यांची चित्रं घरबसल्या फुकट पाहता येतात. स्क्रँटनच्या गृहस्थांच्या पूर्वजाचं मृत्युपत्र बाईंनी घरीच वाचलेलं होतं. ग्रंथालयात यावं लागतं ते जमीनदारांच्या दप्तरांसाठी. या परगण्यातली जमीन ट्राउसगॉइड, नँटेऑस, गोगेर्दन अशा मोजक्या घराण्यांच्या हातात होती, शेतकरी बहुतेक कुळं. जो मालक नाही त्याचा माग मालकाच्या कागदांतूनच काढावा लागतो.

मृत्युपत्र 1820 च्या दशकातलं. आत्मा देवाला, देह मातीला, अशी नेहमीची सुरुवात. भाषा इंग्रजी, मरणाऱ्याला ती येत असेल याची खात्री नाही, सही म्हणून फुलीच आहे. वरच्या खोलीतला पिसांचा बिछाना मुलीला, शिवाय पितळेची परात आणि एक गाय. बायकोला जिवंत असेतो घरात जागा आणि चुलीजवळची खुर्ची. उरलेलं सगळं, जनावरं, अवजारं, उभं पीक, धाकट्याला. आणि थोरल्याला एक शिलिंग.

एक शिलिंग! पौंडाचा विसावा भाग. मी तो शब्द परत परत वाचत होते. बापाने थोरल्याला तोडलं, काहीतरी भयंकर घडलं असणार, असं माझ्या मनात कथानक सुरूही झालं होतं. स्क्रँटनच्या गृहस्थांनीही त्यांच्या पत्रात तेच लिहिलं होतं, ‘आमच्या घराण्यातला कलंक’ वगैरे. बाई हसल्या. त्यांच्या कचेरीतल्या सवयीने त्यांनी समजावलं: शिलिंग म्हणजे शिक्षाच असं नाही. ज्याला आधीच त्याचा वाटा मिळालाय, लग्नात किंवा घराबाहेर पडताना, त्याचं नाव मृत्युपत्रातून अजिबात गाळलं तर तो उद्या म्हणेल, मरताना म्हाताऱ्याला माझी आठवणच राहिली नव्हती, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणून त्याचं नाव घ्यायचं आणि एक शिलिंग टेकवायचं. “राग होता की व्यवहार, ते शिलिंग सांगत नाही. दुसरा कागद लागतो.”

दुसरा कागद दुपारनंतर मिळाला. भाडेपट्टा, 1790 च्या दशकातला, घडीवर मळलेला. पट्टा अमुक इतक्या वर्षांचा नव्हता, ‘तीन जिवांचा’ होता. तीन माणसांची नावं लिहायची. त्यांतलं शेवटचं माणूस मरेपर्यंत शेत कुळाकडे, ठरल्या खंडात. साहजिकच कुटुंबं तिसरं नाव लहान मुलाचं घालत. इथे पहिला जीव बाप, दुसरा आई, तिसरा थोरला मुलगा, वय चार.

मला हे कळायला एक क्षण लागला. म्हातारा गेल्यावर आणि मागोमाग म्हातारी गेल्यावर त्या शेताचा पट्टा उभा होता तो फक्त या एक शिलिंगवाल्यावर. धाकटा नांगर धरणार, पण थोरला जिथे असेल तिथे जिवंत आहे तोवरच. तो मेला की दुसऱ्या दिवशी जमीनदाराचा कारभारी दारात, नवा खंड घेऊन. भाऊबंदकी असो वा नसो, धाकट्याला थोरल्याची खबर ठेवावीच लागली असेल. एका शिलिंगमागे एवढं असेल हे ते मृत्युपत्र शंभर वेळा वाचूनही कळलं नसतं.

पुढची नोंद दशमांशाच्या नकाशात. चर्चला धान्यरूपाने द्यायचा दहावा हिस्सा 1836 च्या कायद्याने रोख रकमेत बदलला आणि त्यासाठी पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे, नकाशे काढले गेले. नकाशासोबतचा तक्ता पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सातबाराच तो. मालक कोण, कसतो कोण, तुकड्याचा क्रमांक, त्याचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्र किती. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चाळीस पर्चचा रूड, चार रूडांचा एकर. शेतांची नावं ‘काय बाख’, ‘काय मॉर’: छोटं शेत, मोठं शेत. वहिवाटदार म्हणून धाकट्याचं नाव, 1840 च्या सुमाराचं. पट्टा टिकला होता, किंवा नव्याने झाला होता. त्याचा कागद त्या दप्तरात नाही.

या सगळ्या शोधाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी बाईंपुढे मांडली. हा माग माणसांचा नसतो, मालमत्तेचा असतो. ज्याच्याकडे गाय होती तो सापडतो. शेतावरचा गडी, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी पोर, यांनी मृत्युपत्रं केली नाहीत आणि त्यांच्या डोक्याशी दगड उभे राहिले नाहीत. लग्न झालेल्या बाईला 1882 च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून कागदांत भेटतात त्या बायका बहुतेक विधवा किंवा बिनलग्नाच्या. बाईंनी वाद घातला नाही. “बरोबर आहे,” म्हणाल्या, “म्हणून तर परात कुणाला दिली ते मी सोडत नाही. परातीसोबत एका मुलीचं नाव येतं.”

मागे जाणारी वाट 1760 च्या दशकात बंद झाली. मृत्युपत्र करणाऱ्या म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा शोधायला गेलो तर त्याच पॅरिशमध्ये, थोड्याच अंतराने, त्याच नावाची दोन बाळं. दोघांच्या बापांचंही नाव एक. शेताचं नाव दोन्ही नोंदींत नाही. चर्चच्या नोंदवहीची बिशपकडे पाठवलेली नक्कल पाहिली, तिच्यातही तेच. पुढे त्या नावाचं एक दफन आहे, पण वय लिहिलेलं नाही. बाळ गेलं की एखादा म्हातारा, कोण सांगणार? इंटरनेटवरच्या वृक्षाने यांतलं एक बाळ बिनदिक्कत उचललं होतं आणि तिथून तो राजापर्यंत चढला होता. बाईंनी अहवालात दोन्ही बाळं शेजारीशेजारी लिहिली, वरची जागा कोरी ठेवली आणि बिल जोडलं.

गृहस्थ चिडतील अशी माझी अटकळ होती. त्यांचं उत्तर आलं. राजा गेल्याबद्दल नाराजीची दोन वाक्यं, मग लांबलचक चौकशी: तो थोरला कुठे गेला? त्याचा वंश आहे का? पैसे भरायला ते तयार होते.

बाईंचा अंदाज मर्थर टिडफिलचा. लोखंडाच्या भट्ट्यांनी पेटलेलं ते गाव तेव्हा वेल्समधलं सगळ्यांत मोठं शहर होतं आणि पश्चिमेकडची पोरं कामासाठी तिकडेच चालत जात. अडचण 1841 च्या जनगणनेची. तिच्यात पंधराच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं आणि जन्म याच परगण्यातला का, एवढंच विचारायचं, हो किंवा नाही. त्याच्या नावाचे पन्नाशीकडे झुकलेले, परगण्याबाहेर जन्मलेले मजूर मर्थरमध्ये गल्लोगल्ली निघतील. 1851 च्या गणनेत मात्र जन्माची पॅरिश लिहिली आहे. मधे 1849 चा कॉलरा येऊन गेला. त्यातून तो वाचला असला तर सापडेल, असं बाईंनी कळवलं, आणि त्या कामाचा दर वेगळा लिहिला.