जिंकेपर्यंत टाळ्या

सेंट लुईसच्या मैदानावर 25 फुटांची दोरी टांगलेली होती. ऑक्टोबर 1904 मधला एक दिवस. बांधकाम कंपनीत हिशेब लिहिणारा, चौतीस वर्षांचा जॉर्ज आयझर ती दोरी सात सेकंदांत चढून गेला. त्याचा डावा पाय लाकडाचा होता.

दोरी चढायला पाय लागत नाहीत, हे खरं. पण आयझरने त्याच दिवशी पॅरलल बार्स आणि घोड्यावरून उडी या प्रकारांतही सुवर्ण मिळवलं. उडीतलं सुवर्ण त्याने अँटन हाइडाबरोबर वाटून घेतलं. वर दोन रौप्य आणि एक कांस्य. एका दिवसात सहा ऑलिंपिक पदकं, आणि समोरचे सगळे प्रतिस्पर्धी दोन धड पायांचे. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, जिम्नॅस्टिक्सच्या एकत्रित स्पर्धेत धावणं, लांब उडी आणि गोळाफेकही होती. तिथे मात्र आयझर तळाच्या खेळाडूंत गेला. लाकडाचा पाय त्याला काय देतो आणि काय हिरावून घेतो, हे बघणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही.

पुढची शंभर वर्षं गोष्ट साधारण याच वळणाने गेली. हंगेरीचा ऑलिव्हेर हालाशी डाव्या पायाचं पाऊल नसताना वॉटर पोलोत 1932 आणि 1936 अशी दोन सुवर्णपदकं घेऊन गेला. दक्षिण आफ्रिकेची जलतरणपटू नताली दु तोआ हिचा डावा पाय 2001 मध्ये स्कूटरच्या अपघातानंतर कापावा लागला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती खुल्या पाण्यातली 10 किलोमीटरची शर्यत एका पायाने पोहली आणि सोळावी आली. जगाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाण्यात तिने कृत्रिम पाय लावलेलाच नव्हता, त्यामुळे वादाचा प्रश्न नव्हता. आणि ती सोळावी आली होती, हेही विसरून चालणार नाही.

वाद ज्या वस्तूमुळे पेटला ती वस्तू एका अमेरिकन तरुणाच्या चिडीतून जन्मली. व्हॅन फिलिप्स 1976 मध्ये वॉटर स्कीइंग करताना झालेल्या अपघातात गुडघ्याखालचा पाय गमावून बसला. त्याच्या हाती जो कृत्रिम पाय दिला गेला तो दिसायला पायासारखा होता आणि चालायला ओंडक्यासारखा. आपल्याकडे त्याच्या आधीच, 1960 च्या दशकाच्या शेवटी, रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला होता. मांडी घालून बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं, उकिडवं बसता यावं, हा त्यामागचा विचार. फिलिप्सची गरज वेगळी होती. त्याला पळायचं होतं. पाय पायासारखा दिसलाच पाहिजे, हा हट्ट त्याने सोडला आणि कार्बन फायबरचं वळलेलं पातं बनवलं. चित्त्याच्या मागच्या पायावरून त्याला ही कल्पना सुचली.

हे पातं जवळून पाहिलं तर पहिली गोष्ट लक्षात येते, की त्याला टाच नाही. त्यामुळे ते लावून स्वस्थ उभं राहणं अवघड. तोल सांभाळायला खेळाडू जागच्या जागी पावलं बदलत राहतो. गुडघ्याखाली उरलेला खुंट सिलिकॉनच्या मोज्यात जातो, मोजा सॉकेटमध्ये, आणि सॉकेटच्या खाली पातं. घाम आला की मोजा सरकतो, सॉकेट सैल होतं, कातडी सोलवटते. स्टार्टिंग ब्लॉकमधून उठताना पोटरी धक्का देते. इथे पोटरीच नाही. पातं दाबलं गेल्याशिवाय काहीच परत देत नाही, आणि स्वतःहून तर काहीच निर्माण करत नाही. म्हणून सुरुवात मंद आणि शेवट वेगवान, असा या धावण्याचा उफराटा ताल असतो.

हा ताल सगळ्या जगाला दाखवला तो दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसने. जन्मतःच दोन्ही पायांत गुडघ्याखालचं एक हाड नव्हतं, अकराव्या महिन्यात दोन्ही पाय कापले. 2004 च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये 200 मीटरचं सुवर्ण घेतलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यावेळी तो 'प्रेरणादायी' होता. 13 जुलै 2007 रोजी रोमच्या स्पर्धेत तो धडधाकट धावपटूंसोबत 400 मीटरच्या दुय्यम शर्यतीत उतरला, शेवटच्या टप्प्यात एकेकाला मागे टाकत 46.90 सेकंदांत दुसरा आला, आणि प्रेरणेची जागा संशयाने घेतली. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने त्याच वर्षी स्प्रिंग, चाकं किंवा फायदा देणारं अन्य साधन वापरण्यावर बंदी घालणारा नियम केला होता. रोममध्ये त्याच्यावर खास कॅमेरे लावलेले होते.

नोव्हेंबरमध्ये कोलोनच्या क्रीडा विद्यापीठात प्राध्यापक गेर्ट-पीटर ब्रुगेमान यांनी त्याची चाचणी घेतली. निष्कर्ष असा: त्याच वेगाने धावताना तो धडधाकट धावपटूपेक्षा सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा खर्च करतो. माणसाच्या घोट्यात जमिनीवर आदळताना साठलेली 41.4 टक्के ऊर्जा वाया जाते, पात्यात फक्त 9.3 टक्के. जानेवारी 2008 मध्ये बंदी आली.

मे महिन्यात लोझानच्या क्रीडा लवादाने ती उठवली. लवादाचं म्हणणं वाचण्यासारखं आहे. पातं चांगलं की वाईट, यात ते शिरले नाहीत. त्यांनी विचारलं, चाचणी कशाची केलीत? पूर्ण वेगातल्या सरळ धावण्याची. मग ब्लॉकमधून उठण्याचं काय? वळणाचं काय? 400 मीटर म्हणजे हे सगळं मिळून होतं. एकूण शर्यतीत फायदा होतो, हे महासंघाने सिद्ध केलेलं नाही. आणि ही परवानगी फक्त याच धावपटूला, फक्त याच पात्यांसाठी.

खरी गंमत त्यानंतर आहे. पिस्टोरियसच्या बाजूने पुरावा उभा करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या चमूत पीटर वेयांड होते, रॉजर क्रॅम होते आणि ह्यू हेरही होते. हेर हे स्वतः दोन्ही पाय गमावलेले गिर्यारोहक. 2009 मध्ये निष्कर्ष छापायची वेळ आली तेव्हा हा चमू फुटला. वेयांड आणि मॅथ्यू बंडल म्हणाले, पातं हलकं असल्याने पाय पुढे आणण्याचा त्याचा वेळ जागतिक विक्रमवीरांपेक्षाही जवळजवळ 16 टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे 400 मीटरमध्ये दहा सेकंदांहून जास्त फायदा! क्रॅम आणि हेर म्हणाले, पात्यामुळे जमिनीवर देता येणारा जोर कमी पडतो, पाय झपाट्याने हलवणं ही त्याची भरपाई आहे. आकडे तेच, माणूस तोच, निष्कर्ष दोन टोकांचे. दहा सेकंदांचा फायदा खरा मानला तर तोच धावपटू धड पायांनी 55 सेकंदांत धावला असता, म्हणजे साधा क्लबस्तरावरचा. आणि फायदा शून्य मानला तर त्याच्याइतक्या वेगाने पाय हलवणारा माणूस आधी का दिसला नाही, याचं उत्तर द्यावं लागतं. दोन्ही बाजूंना न पचणारा घास होता तो.

जुलै 2011 मध्ये इटलीत लिग्नानोला पिस्टोरियसने 45.07 ची वेळ दिली आणि जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवली. त्या वर्षीच्या देगू जागतिक स्पर्धेत 4 बाय 400 रिलेत त्याला पहिल्याच टप्प्यात धावायला लावलं गेलं. नंतरच्या टप्प्यांत धावपटू एकाच लेनमध्ये गर्दी करतात, तिथे पात्यांमुळे इतरांना इजा होईल, ही भीती. 4 ऑगस्ट 2012 ला लंडनमध्ये तो ऑलिंपिकच्या ट्रॅकवर उतरला. हीटमध्ये 45.44, उपांत्य फेरीत शेवटचा. शर्यत संपताच ग्रेनाडाच्या किरानी जेम्सने त्याच्याकडे जाऊन छातीवरच्या नावाची पट्टी अदलाबदल केली. त्या पट्टीचं छायाचित्र जगभर गेलं. तो शेवटचा आला होता, त्यामुळे भावना व्यक्त करायला सगळे मोकळे होते.

महिनाभराने त्याच स्टेडियममध्ये पॅरालिंपिकची 200 मीटर शर्यत झाली. ब्राझीलच्या अॅलन ऑलिव्हेराने शेवटच्या मीटरांत त्याला गाठलं. 21.45 विरुद्ध 21.52. पिस्टोरियस मायक्रोफोनसमोर काय म्हणाला? ऑलिव्हेराची पाती जास्त लांब आहेत, ही शर्यत न्याय्य नाही! पाती नियमात बसत होती. आपण चुकीच्या वेळी बोललो, अशी माफी त्याने दुसऱ्या दिवशी मागितली. पण पाच वर्षं ज्याने 'पात्याने फायदा होत नाही' हे सांगितलं, त्याच्याच तोंडून हरल्यावर पात्याची लांबी निघाली. पुढच्या फेब्रुवारीत त्याने आपल्या मैत्रिणीला, रीव्हा स्टीनकॅम्पला, गोळ्या घातल्या आणि त्याची कहाणी खेळाच्या पानावरून निघून गेली.

प्रश्न मात्र पानावरच राहिला आणि तो जर्मनीच्या मार्कुस रेमच्या पायाशी येऊन थांबला. वेकबोर्डिंगच्या अपघातात त्याने उजवा पाय गुडघ्याखाली गमावला. तो व्यवसायाने कृत्रिम अवयव बनवणारा कारागीर, स्वतःचं पातं स्वतः जुळवणारा. जुलै 2014 मध्ये उल्मला जर्मनीच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने 8.24 मीटर उडी मारली. दुसरा आलेला क्रिस्टियन राइफ 8.20. राष्ट्रीय विजेता दिव्यांग! चार दिवसही आनंद टिकला नाही. संघटनेने मोजमापं काढली: धावण्याचा वेग कमी, पण पात्यावरून वर उठण्याचा वेग जास्त. युरोपियन स्पर्धेच्या संघातून रेमला वगळलं.

लांब उडीत प्रश्न धावण्याइतका गुंतागुंतीचा नाही, असं प्रामाणिकपणे म्हणावं लागतं. रेम पात्यावरूनच टेक-ऑफ घेतो. शर्यतीत पातं पावलागणिक देतं-घेतं. उडीत निकाल एका पावलावर ठरतो, आणि ते पाऊल कार्बनचं असतं. 2016 मध्ये जर्मन, अमेरिकन आणि जपानी संशोधकांनी मिळून पाहिलं तेव्हा धावपट्टीवर त्याचं नुकसान आणि टेक-ऑफला फायदा असं दिसलं. बेरीज-वजाबाकी करून एक आकडा मात्र निघेना. तोवर महासंघाने 2015 मध्ये नियम उलटा केला होता: फायदा होत नाही हे आता खेळाडूने सिद्ध करायचं. रेमने रिओ ऑलिंपिकचा दावा सोडून दिला. टोकियोच्या वेळी त्याने पदकाचा हट्टही सोडला, स्पर्धेबाहेर का होईना पण ऑलिंपिकच्या खड्ड्यात उडी मारू द्या, एवढंच मागितलं. जुलै 2021 मध्ये लवादाने नकार दिला. पदक न देण्याला आधार होता. धावपट्टीवर उभंही राहू न देणं हा कद्रूपणा. जर्मन संघटनेनेच तोडगा काढून ठेवला होता: एकाच खड्ड्यात उड्या, निकाल वेगळे. तो स्वीकारायला ऑलिंपिकचं काय जात होतं?

अमेरिकेच्या ब्लेक लीपरचं प्रकरण आणखी चमत्कारिक. दोन्ही पाय जन्मतः नसलेला हा धावपटू 400 मीटर 44 सेकंदांच्या घरात पळायचा. 2019 च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत तो पाचवा आला. ऑक्टोबर 2020 मध्ये लवादाने आधी त्याच्या बाजूने निकाल दिला, सिद्ध करण्याचं ओझं खेळाडूवर टाकणारा नियमच बेकायदा ठरवला. मग त्याच निकालात त्याला हरवलं: पाती लावल्यावर तो नैसर्गिक उंचीपेक्षा सुमारे 15 सेंटिमीटर उंच होतो. नैसर्गिक उंची कशी ठरवायची, पाय कधी नव्हतेच तर? धड आणि हातांच्या मापांवरून सूत्र लावून. त्या सूत्रामागची मापं गोऱ्या आणि आशियाई लोकांची आहेत, कृष्णवर्णीयांची नाहीत, असं लीपरच्या बाजूने सांगितलं गेलं. ऑलिव्हेराच्या पात्यांची लांबी जणू पुन्हा मोजली जात होती, फक्त या वेळी कायद्याच्या फुटपट्टीने.

भारतात हा वाद अजून आलेला नाही, कारण इथे ती वेळ आलेली नाही. 5 मार्च 2021 ला पतियाळाच्या इंडियन ग्रांप्रीमध्ये नीरज चोप्राने 88.07 मीटर भाला फेकून राष्ट्रीय विक्रम केला. त्याच स्पर्धेत सोनिपतचा सुमित अंतिल होता. भालाफेकीत उजव्या हाताचा खेळाडू शेवटी डावा पाय घट्ट रोवतो आणि सगळं अंग त्याच्यावर आदळवतो. सुमितचा तोच पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. त्याने 66.43 मीटर फेकला, सातवा आला. पात्याची लांबी कोणी मोजली नाही. पुढे टोकियो पॅरालिंपिकमध्ये 68.55, हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 73.29, पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 70.59. नीरजच्या आणि त्याच्या भाल्यात अजून मोठं अंतर आहे, म्हणून सगळे त्याच्यावर खूश आहेत.

नोव्हेंबर 2025 मध्ये दोन्ही हात नसलेली, पायाने धनुष्य धरणारी किश्तवाडची शीतल देवी धडधाकट तिरंदाजांच्या निवड चाचणीत तिसरी आली आणि भारताच्या ज्युनिअर संघात निवडली गेली. तिच्या पुढे दोन महाराष्ट्राच्या मुली होत्या, तेजल साळवे आणि वैदेही जाधव. इथेही कुरकुर झाली नाही. शीतलच्या अंगाला कार्बनचा तुकडा जोडलेला नाही, हे एक कारण. ती पहिली आली असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही, पण 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये व्हीलचेअरवरून नेम धरणाऱ्या न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉललासुद्धा 'बसून मारण्याचा फायदा मिळतो का?' असं विचारणारे भेटले होते.

मार्कुस रेम अजून उड्या मारतो आहे. 2024 मध्ये पॅरिसला त्याने 8.13 मीटरवर लांब उडीतलं सलग चौथं पॅरालिंपिक सुवर्ण घेतलं. त्याची सगळ्यात मोठी उडी त्याआधीची, जून 2023 मधली, जर्मनीतल्या र्‍हेडे नावाच्या छोट्याशा गावातली: 8.72 मीटर. टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण मिळवताना मिल्टियाडिस टेंटोग्लूने 8.41 मीटर उडी मारली होती. माइक पॉवेलचा 1991 चा जागतिक विक्रम 8.95 वर आहे. रेमला अजून 23 सेंटिमीटर कमी पडतात, म्हणजे साधारण एक वीत.