बाटलीतल्या चवीचा मालक कोण?

कापड खरेदीसाठी सुरतेला जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना सोस्यो माहीत आहेच. मिश्र फळांच्या चवीचे हे पेय सुरतेच्या हजूरी घराण्याने १९२३ साली काढले. मुंबईत पालनजींचा सोडा त्याहून जुना, १८६५ सालचा. ड्यूक्सची सुरुवात १८८९ची. पाणी, साखर आणि गॅस या सगळ्यांकडे सारखेच. मग गिऱ्हाईक नाव घेऊन बाटली मागते ते कशासाठी?

गोड पेयात शंभर मिलीला साधारण १० ग्रॅम साखर असते. आंबटपणा लिंबू-संत्र्याच्या पेयात सायट्रिक ॲसिडचा आणि कोलात फॉस्फरिक ॲसिडचा. गॅसही जिभेला थोडा आंबट लागतो. खरी ओळख देणारा इसेन्स मात्र शंभरात एक भागही नसतो. लिंबाची चव रसापेक्षा सालीतल्या तेलाची जास्त. कोलात संत्रे, लिंबू, दालचिनी, जायफळ अशा तेलांचे मिश्रण असते. रासबेरीचा वास तर बहुधा कारखान्यात तयार होतो.

तेल पाण्यात मिसळत नाही, ही यातली मोठी अडचण. म्हणून ते अल्कोहोलात किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवतात, नाहीतर डिंकात घोटतात. हा डिंक म्हणजे गम अरेबिक, मुख्यतः सुदानचा. आमच्या कापडाच्या छपाईतही तो चालत आला आहे. तेल वर तरंगू नये म्हणून पूर्वी ब्रोमीन लावलेले वनस्पती तेल घालीत. आपल्याकडे त्यावर १९९० साली बंदी आली, अमेरिकेने २०२४ साली आणली. इसेन्स कशात विरघळवला आहे, हे आपल्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळजण विचारतात. ते दुकानदाराच्या तोंडी हमीवर सोडू नये, लेखी मागावे.

वटारला माझ्या भाच्याने गोटी सोड्याचा धंदा सुरू केला. रासबेरी चांगली चालली. इसेन्स मुंबईच्या एका दुकानातून पाच लिटरच्या कॅनमध्ये येई. दुसऱ्या उन्हाळ्यात कॅन तेच, लेबल तेच, पण चव वेगळी! दुकानदार म्हणाला, "माल तोच आहे." गिऱ्हाईक म्हणाले, "आता मजा नाही." महिन्याभरात विक्री अर्ध्यावर आली. यंत्र भाच्याचे, बाटल्या भाच्याच्या, उधारीही भाच्याचीच. चव तेवढी दुसऱ्याची होती.

मोठ्यांच्या बाबतीतही हेच घडले आहे. १९७३च्या फेरा कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. अर्काचे गुपितही भारतीय कंपनीच्या हाती द्यावे, असा सरकारचा आग्रह होता. कोका-कोलाने ते मान्य केले नाही आणि १९७७ साली देश सोडला. बाटल्या भरणारे कारखाने, गाड्या, दुकाने सारे इथेच राहिले. अर्क तेवढा गेला. सरकारने म्हैसूरच्या प्रयोगशाळेत कृती बनवून घेऊन 'डबल सेव्हन' काढले, पण ते टिकले नाही. पार्लेचे थम्स अप आणि प्युअर ड्रिंक्सचे कॅम्पा कोला टिकले, कारण त्यांनी आपापली चव बसवली.

कोका-कोला १९९३ साली परतली तेव्हा तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावेच विकत घेतली. पुढे गोल्ड स्पॉट बंद केले. थम्स अप आजही खपते. ड्यूक्स १९९४ साली पेप्सीकडे गेले. हजूरींनी मात्र शंभर वर्षे चव घरात ठेवली आणि २०२३ साली रिलायन्सला भागीदारीत घेतले, तेही निम्म्या हिश्श्यापुरते. सौदा करताना हातात काहीतरी असले की असा फरक पडतो.

भाचा आता लिंबू, आले आणि जिऱ्याचा मसाला घरीच करतो. प्रमाण वहीत लिहिलेले आहे आणि वही गल्ल्यात कुलुपात असते. रासबेरी अजून विकतचीच. मात्र प्रत्येक कॅनचा बॅच नंबर तो टिपून ठेवतो, आणि नव्या कॅनमधून आधी एकच बाटली भरून जुन्या गिऱ्हाइकाला चाखायला देतो.